ओठाच्या आतला काप

बाइंडरच्या बायकोला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. सकाळी दोन तुकड्या, दुपारी चारनंतर तीन. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलं तिला शिट्टीबाई म्हणायची. मुलांचं ऐकून त्यांच्या आयाही तसंच म्हणायला लागल्या आणि शेवटी साऱ्या गल्लीनं तिचं तेच नाव करून टाकलं. घरी आली तरी पायाला भिंगरी. जेवता जेवता उठून खिडकी लावणार, बोलता बोलता कपाट आवरायला घेणार. नवरा अगदी उलटा. एका जिन्याखालच्या लांबट खोलीत त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे जुडगे, जुळवायचे, शिवायचे, खळ लावायची, दाबात ठेवायचं आणि सुकेपर्यंत वाट पाहायची. वाट पाहणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. "माझी आंघोळ दोनदा होते तोवर यांचं एक बटण लागतं," असं ती चारचौघांत सांगायची, आणि तोही सगळ्यांबरोबर हसायचा.

दीड वर्षापासून तिची उजवी नाकपुडी बंद होती, वासही नीट येत नव्हता. तलावाच्या पाण्यातल्या औषधामुळे असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनं वाफ घेतली, थेंब टाकले, डोक्याखाली दोन उशा घेतल्या. मग एके दिवशी एका लहान मुलीला पाठीवर तरंगायला शिकवताना त्या पोरीची टाच तिच्या नाकाला लागली. लागली म्हणजे नुसती घासून गेली. पण रक्त अर्धा तास थांबेना. तलाव रिकामा करावा लागला, आणि तिथल्या व्यवस्थापकानं तिला जवळजवळ हाताला धरूनच नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं.

नाकाच्या डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, पडद्यावर बघितलं आणि बाइंडरला फोन करून बोलावून घेतलं.

"दोन्ही बाजूंना असतं तर मी सर्दीनं वाढलेले मांसाचे कोंब म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "हे एकाच बाजूला आहे. तेव्हा तपासायला हवं."

स्कॅन झाले, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, आठ दिवसांनी अहवाल आला. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत बाइंडर खुर्चीत बसला होता आणि त्याची बायको खिडकी ते वजनकाटा अशा येरझाऱ्या घालत होती.

"बसा ना," डॉक्टर म्हणाल्या.

"मी उभ्यानंच ऐकते. कान काही पायात नाहीत माझे."

डॉक्टर हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी स्कॅनचा कागद उजेडावर धरला. गालाच्या हाडात एक पोकळी असते, ती सायनस. डावीकडची काळी दिसत होती, म्हणजे हवेनं भरलेली. उजवीकडची राखाडी, गच्च.

"कॅन्सर नाही," त्यांनी आधी तेच सांगितलं. "याला इन्व्हर्टेड पॅपिलोमा म्हणतात. हातमोज्याचं बोट आतल्या आत उलटं व्हावं ना, तशी ही गाठ आत उलटी वाढत जाते. साधी आहे, पण साधीसुधी नाही. भोवतालचं हाड झिजवते. अर्धवट काढली तर परत येते. आणि थोड्या लोकांत, फार नाही, पण थोड्या लोकांत पुढे जाऊन बिघडते. म्हणून ठेवून चालणार नाही."

"मग काढा," ती म्हणाली. "आज काढा."

"कशी काढायची, ते आधी ठरवू."

त्यांनी कागदावर चेहऱ्याची बाजू काढली. पहिला रस्ता नाकातूनच. दुर्बिणीनं आत जायचं, नाक आणि गालाची पोकळी यांच्यामधली भिंत काढायची, गाठ काढायची, आणि तिचं मूळ जिथे हाडाला धरलंय तिथलं हाड बारीक यंत्रानं घासून घ्यायचं. बाहेरून एक ओरखडासुद्धा नाही. बहुतेकांचं एवढ्यात भागतं. पण मूळ जर गालाच्या पुढच्या भिंतीला असलं, तर नाकातून तो कोपरा नीट दिसत नाही, हत्यार पोचत नाही. तेव्हा वरचा ओठ उचलून आतून, दातांच्या वर एक काप घ्यायचा आणि पुढच्या हाडाला लहानशी खिडकी पाडायची.

"तिसरा रस्ता जुना आहे. नाकाच्या कडेनं चेहऱ्यावरच काप घ्यायचा. आता तो क्वचितच लागतो. तुमच्या बाबतीत लागेल असं मला वाटत नाही, पण शपथेवर सांगणार नाही."

"आणि ओठातल्या कापानं काय होतं?" बाइंडरनं विचारलं.

"गाल सुजतो. ओठ, हिरडी, वरचे दात बधिर राहतात. काही महिने. काहींना कायमचे."

येरझाऱ्या थांबल्या. तिनं नकळत वरच्या ओठाला बोट लावलं. मग म्हणाली, "दिवसाला साठ पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. मी सांगते तसा श्वास घेतात. तोंड वाकडं झालं तर ती पोरं काय शिकणार, वाकडं पोहायला?"

"म्हणूनच आधी ठरवून ठेवू. नाकातून जमलं नाही तर ओठातून जायचं का?"

"ते मला आत्ता नका विचारू. माझं डोकं चालत नाहीये. वेळ आलीच तर यांना विचारा."

"तुम्ही शुद्धीवर असताना ठरवलेलं बरं."

"यांना विचारा," ती म्हणाली. "यांचं डोकं सावकाश चालतं, पण चालतं."

डॉक्टरांनी दोनदा समजावलं. शेवटी फॉर्मवर तसंच लिहिलं: चेहऱ्यावर काप नको, ओठाच्या आतून जायची गरज पडली तर पतीला विचारावं. तिनं सही ठोकली आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं. बाइंडरनं सही केली खरी, पण त्याला वाटलं, आपण काय लिहून देतोय ते नीट वाचायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधली आणि स्वतःचा एक कागद वाचायला वेळ घेतला नाही.

तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. त्या बारा दिवसांत घराला घरपण राहिलं नाही. तिला पाण्यात उतरायची मनाई होती, म्हणून ती काठावरून शिकवायची आणि न वापरलेली ताकद घरी घेऊन यायची. तिनं सगळ्या डब्यांची झाकणं घासली. पलंगाची दिशा बदलली, दुसऱ्या दिवशी परत होती तशी केली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, आणखी एकाला दाखवू."

तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, एक म्हातारे सर्जन माहीत होते. आता ते ऑपरेशनं करत नव्हते, पण बघायला नाही म्हणत नसत. त्यांनी स्कॅन डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"आमच्या वेळी आम्ही सरळ चेहरा उघडायचो. सगळं समोर दिसायचं. काढायचं आणि मोकळं व्हायचं."

"मग परत नाही यायची?" तिनं विचारलं.

"ज्यांची परत आली आणि जे माझ्याकडे आले, त्यांचं मला माहीत आहे. जे आलेच नाहीत, त्यांचं नाही माहीत." म्हाताऱ्यानं स्कॅन परत दिला. "बाई, मला दुर्बीण येत नाही, म्हणून मला सुरी आवडते. माझं ऐकून निर्णय घेऊ नका. तुमच्या डॉक्टरला विचारा, तुझ्या हातून किती परत आल्या. उत्तर देताना ती अडखळली नाही, तर दुसरीकडे जा."

तिनं खरंच फोन करून विचारलं. बाइंडर शेजारीच होता. पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग डॉक्टर म्हणाल्या, "एकतीस केल्या. चार परत आल्या. त्यातली एक माझ्यामुळे. मूळ डोळ्याच्या फार जवळ होतं, मी घाबरले आणि हात आखडता घेतला."

फोन ठेवून ती म्हणाली, "हीच बरी." आणि लगेच उठून पडदे काढायला लागली.

बाइंडरचं मात्र कामात लक्ष लागेना. एका ग्रंथालयाची जाडजूड वही बांधायला आली होती. त्यानं तिचे फर्मे शिवले, पाठ लावली, दाबात घातली, आणि बाहेर काढल्यावर पाहतो तो तिसरा फर्मा पाचव्याच्या जागी. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यानं सगळी शिवण उसवली. उसवताना दोऱ्याच्या प्रत्येक टाक्याला त्याच्या मनात तोच प्रश्न येत होता: विचारलंच तर काय सांगायचं?

ऑपरेशनच्या सकाळी तिला आत नेलं तेव्हा ती स्ट्रेचरवरून नर्सला सांगत होती की चाकाला तेल घाला, कुरकुरतंय. दार बंद झालं. बाइंडर आणि ताई बाहेरच्या बाकावर बसले. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा मिनिटकाटा दर वेळी आधी थोडा मागे जायचा आणि मग पुढे उडी मारायचा. पहिला तास बाइंडर बसून होता. दुसऱ्या तासाला तो उठला. पाण्याच्या यंत्रापर्यंत गेला, पाणी न पिता परत आला. पुन्हा गेला. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, वीस. खाली जाऊन वर आला, एकोणीस भरल्या, म्हणून पुन्हा मोजायला गेला.

"अहो, बसा," ताई म्हणाली. "तिचं वारं लागलं की काय तुम्हाला?"

तो बसला आणि उठला. त्याला पहिल्यांदाच कळत होतं की हे पाय आपण हलवत नाही, ते आपोआप हलतात.

अडीच तासांनी दार उघडलं. डॉक्टर स्वतः बाहेर आल्या होत्या, टोपी घातलेल्या, मास्क हनुवटीखाली ओढलेला. त्यांना बघून ताई उभी राहिली आणि पुन्हा बसली.

"त्या ठीक आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ बरीचशी काढली. पण मूळ पुढच्या भिंतीला आहे, खालच्या कोपऱ्यात. वाकड्या दुर्बिणीनं पाहिलं, नाकातूनच जरा पुढच्या बाजूनं वाट काढून पाहिलं. निम्मं मूळ दिसतं, निम्मं दिसत नाही. ओठातून गेले तर सगळं दिसेल. नाहीतर दिसतंय तेवढं घासते, बाकीचं नुसतं जाळते आणि थांबते. तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही."

"थांबलात तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित वर्ष-दोन वर्षांत परत येईल. परत उघडलं तर आत सगळं चिकटलेलं असतं. दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड जाते."

"आणि ओठ?"

"ते मी आधीच सांगितलंय. त्याहून वेगळं आज सांगता येणार नाही."

ताईनं त्याचा दंड धरला. "नको हो. ती बडबडल्याशिवाय राहील का? बधिर ओठ घेऊन जगायचं म्हणजे... उद्या शुद्धीवर येऊ दे, तिलाच विचारा. मग लागलं तर पुन्हा करू."

पुन्हा करू. बाइंडरला उसवलेली वही आठवली. एकदा शिवलेल्या कागदाला दुसऱ्यांदा सुई घातली की जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पडतात, कागद तिथे दुबळा होतो. पण बायकोचा चेहरा म्हणजे काही वही नव्हे. त्यानं त्या बंद दाराकडे बघितलं. आत ती झोपली होती, हलत नव्हती, आणि तिच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं होतं.

"करा," तो म्हणाला. "मूळ सोडू नका."

डॉक्टर मान हलवून आत गेल्या. दार मिटलं आणि त्याच क्षणी त्याला वाटलं की चूक झाली. तो दारापर्यंत धावला. दारावरच्या माणसानं हात आडवा केला. "काका, आत जाता येत नाही."

"मला फक्त एक विचारायचंय."

"काय?"

काय विचारायचंय तेच त्याला सांगता येईना. तो परत आला. ताईनं तोंड फिरवून घेतलं होतं. पुढचे दोन तास ती तशीच पाठमोरी बसून होती.

दुपारनंतर तिला बाहेर आणलं. नाकात बोळे, उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. बोलता येत नव्हतं. तिनं हातानं पेन मागितलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला, "ओठ?"

"मी हो म्हटलं," बाइंडर म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

अहवाल चांगला आला. गाठ पूर्ण निघाली होती, कुठेही बिघाड नव्हता, मुळाखालचं हाड घासून साफ झालं होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ताईनं हात जोडले. बायको मात्र खिडकीबाहेर बघत होती. सूज उतरली, नाक मोकळं झालं. कित्येक महिन्यांनी तिला दूध उतू गेल्याचा वास आला, तोही दुसऱ्या खोलीतून. पण ओठाची उजवी बाजू लाकडासारखी. चहा पिताना हनुवटीवर ओघळायचा आणि तिला कळायचं नाही, समोरच्याला दिसायचं. "प" आणि "ब" म्हणताना हवा निसटायची. शिट्टी धरता येईना. जिच्या तोंडाला कधी विसावा नव्हता, ती आता कामापुरतं बोलायची, आणि नवऱ्याशी तेवढंही नाही.

तीन आठवडे बाइंडरनं सोसलं. मग एके सकाळी, ती ओघळलेला चहा रागारागानं पुसत असताना, तो म्हणाला, "तूच म्हणालीस, यांना विचारा."

"म्हणाले. म्हणून काय झालं? तुम्ही नाही म्हणायचं होतंत."

"आणि गाठ परत आली असती तर?"

"तर ती गाठ माझी असती," ती म्हणाली. "ओठ तुमच्या हातून गेला."

तो दुकानात गेला, खळ शिजवली, ती बुडाला लागली, फेकून दिली. पुन्हा शिजवली. तिचे शब्द डोक्यातून जाईनात. दिवसातून चारदा तो कुलूप लावून रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, बाइंडर, हल्ली तुम्ही दुकानात सापडत नाही. आपण चुकलो असतो तर ते सोसता आलं असतं, असं त्याला वाटायचं. पण डॉक्टर म्हणतात बरोबर केलं, अहवाल म्हणतो बरोबर केलं, आणि तरी घरात पाऊल टाकताना चोरासारखं वाटतं, याचं करायचं काय?

दोन महिन्यांनी ती पुन्हा तलावावर जायला लागली, आधी नुसती काठावर. शिट्टीऐवजी टाळ्या वाजवायची. आणखी काही दिवस गेले, आणि एका दुपारी ती दुकानात आली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण दुकानात ती चार-पाच वेळाच आली असेल. तिथे बसायला जागा नाही, ही तिची तक्रार. तशी ती बसणारही नव्हती म्हणा. ती दाबाच्या यंत्राला टेकून उभी राहिली, एक कोरा पुठ्ठा उचलून वाकवू लागली.

"तो मोडेल," बाइंडर म्हणाला.

तिनं पुठ्ठा ठेवला. "आज एका पोराला खोल पाण्याकडे नेलं. तो म्हणाला, बाई, मी जाऊ का नको? मी म्हटलं, तू ठरव. तर म्हणतो, तुम्हीच ठरवा, म्हणजे बुडालो तर आई तुम्हाला ओरडेल."

बाइंडर हसणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला.

"मला सगळं कळत होतं त्या दिवशी डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "ओठातून जावं लागलं तर जायचं, हे मला तिथेच पटलं होतं. पण मी हो म्हटलं असतं आणि ओठ गेला असता, तर मी भांडणार कुणाशी? म्हणून तुमच्या गळ्यात घातलं."

बाहेरून एक हातगाडी गेली. बाइंडरनं तिनं ठेवलेला पुठ्ठा सरळ केला.

"भांडलीस की मग पोटभर," तो म्हणाला.

"पोट कुठे भरलंय अजून." ती जायला वळली आणि दारात थांबली. "सुई टोचली तर कळते आता, इथे कडेला. मधे नाही कळत."

त्यानं खळीचा हात फडक्याला पुसला आणि एका बोटानं तिच्या ओठाच्या कडेला स्पर्श केला. "इथे?"

"थोडं वर. हं. इथे कळतं."

सहा महिन्यांच्या तपासणीपर्यंत बधिरपणा उतरून नखाएवढा राहिला. तेवढा कदाचित राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. मग दुर्बीण आत घातली. पडद्यावर गुलाबी, ओलसर पोकळी दिसली. पुढच्या कोपऱ्यात दुर्बीण थांबली. तिथे एक लहानसा फुगवटा होता, मसुराएवढा.

बाइंडर उभा राहिला.

"हा व्रण असावा," डॉक्टर म्हणाल्या. "पण असावा. महिनाभर थांबून पुन्हा बघता येईल. नाहीतर आत्ता, इथेच, औषधानं बधिर करून तुकडा काढता येईल. दोन्ही चालेल." त्यांनी सवयीनं बाइंडरकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नका बघू," खुर्चीतून ती म्हणाली. "आत्ता काढा. आणि अहो, तुम्ही बसा बरं, मला उगाच घाबरवू नका."

तो बसला. तिनं हाताच्या मुठी आवळल्या. तुकडा निघेपर्यंत ती एकदाही हलली नाही.

अहवालाला सहा दिवस लागणार होते. त्या सहा दिवसांत दोघंही सारखीच उठबस करत होती. एक स्वयंपाकघरात गेलं की दुसरं त्याच्यामागे जायचं आणि दोघांनाही आठवायचं नाही की काय हवं होतं. एकदा तर दोघं दारातच समोरासमोर आली, आणि कुणी आधी जायचं यावरून ती हसायला लागली. किती तरी दिवसांनी तिचं ते हसणं त्यानं ऐकलं. एका बाजूनं जरा निसटणारं होतं ते, पण तिचंच होतं.

सातव्या दिवशी दुपारी ती दुकानाच्या खिडकीशी आली. आत यायलाही तिला वेळ नव्हता.

"व्रण आहे नुसता!" तिनं गजातून सांगितलं. "आता चार महिन्यांनी बोलावलंय. मग पुन्हा. पाच वर्षं तरी सोडणार नाही म्हणाल्या. चारची तुकडी आहे माझी, जाते."

आणि गेलीही. बाइंडर सुई हातात धरून बसून राहिला. समोर अर्धा शिवलेला ग्रंथ होता, खळ ऊन होती, आणि हे दोन्ही सोडून उठायचं नसतं हे तो कुणालाही सांगू शकला असता. त्यानं सुई कागदात खोचली, खळीवर झाकण ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि तलावाच्या रस्त्यानं झपाझप चालायला लागला.